पोरीला शिबिराला धाडण्याआधी

परीक्षा संपल्या की आपल्या रहिमतपुरातही शिबिरांची पत्रकं फिरायला लागतात. योग, ध्यान, स्मरणशक्ती, व्यक्तिमत्त्व विकास आणि हल्ली ‘ऊर्जा’ आणि ‘हीलिंग’सुद्धा. बहुतेक ठिकाणी काही वावगं नसतं. पोरं पहाटे उठतात, मोबाईल बाजूला ठेवतात, चार मित्र जोडतात. तेव्हा हे वाचून कुणी पोरांना घरात कोंडून घालू नका. मला बोलायचंय ते पोरांबद्दल कमी आणि आपल्याबद्दल जास्त. कारण ज्या दोन हकिकती माझ्या डोक्यातून जात नाहीत, त्या दोन्हींत मुलीला हाताला धरून तिथं नेणारे तिचेच आईबाप होते.

पहिली आसाराम बापू या धर्मगुरूच्या प्रकरणातली. मुलगी सोळा वर्षांची, छिंदवाड्याच्या आश्रमशाळेत शिकणारी. आईवडील निष्ठावान भक्त. तिला बाधा झाली आहे, बापूंनाच दाखवावं लागेल, असा निरोप आला. ऑगस्ट 2013 मध्ये आईवडील तिला घेऊन जोधपूरजवळच्या मणाईच्या आश्रमात गेले. अत्याचार झाला तेव्हा ते त्याच आवारात होते. पुढं त्याच बापानं केस लढवली. साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे खून पडले, तरी कुटुंब मागं हटलं नाही, आणि एप्रिल 2018 मध्ये आसारामला जन्मठेप झाली. त्याच 2013 च्या ऑगस्टात, 20 तारखेला, आपल्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या. फसवणाऱ्या बाबांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून ते कित्येक वर्षं झगडत होते. तो कायदा त्यांच्या पश्चात झाला.

दुसरी अमेरिकेतली, आणि तिथं देवाचं नावसुद्धा नव्हतं. ‘नेक्झियम’ नावाची कंपनी यशस्वी होण्याचे कोर्स घ्यायची. कॅथरीन ऑक्सनबर्ग ही अभिनेत्री 2011 मध्ये आपल्या मुलीला, इंडियाला, घेऊन तिथं गेली. व्यवसायाला उपयोग होईल, माय-लेकी मिळून काही शिकू, एवढाच हेतू. आई काही काळानं बाहेर पडली, मुलगी आत खोल जात राहिली. एक कोर्स झाला की पुढचा, तो आणखी महाग, त्यापुढं इतरांना आणायचं काम. मग आतल्या आत एक गुप्त गट. त्यात शिरायचं तर बायकांनी ‘तारण’ द्यायचं: स्वतःचे उघडे फोटो, घरच्यांची बदनामी होईल असे लिहून दिलेले कबुलीजबाब. शेवटी अंगावर डाग. त्या डागात प्रमुख कीथ रॅनिएरी याची आद्याक्षरं होती. त्याला 2020 मध्ये 120 वर्षांची शिक्षा झाली.

यातल्या तारणाच्या भागावर जरा थांबा. आपण समजतो की माणूस अडकतो तो श्रद्धेमुळं. श्रद्धा तर पुष्कळदा कधीच उडालेली असते हो. धरून ठेवते ती भीती आणि लाज. कित्येक शिबिरांत एका संध्याकाळी सगळ्यांनी गोल बसून मनातलं सांगायचं असतं. रडून मोकळं वाटतं, तेही खोटं नसतं. पण ते कुणी लिहून घेतंय का, रेकॉर्ड करतंय का, आणि पुढं पोरगी ‘नको’ म्हणाली की तेच तिच्यापुढं ठेवतंय का, हे आपण कधी विचारत नाही. फी मात्र तीनदा विचारतो.

पुण्याचं उदाहरण तर घरचंच. 1974 मध्ये कोरेगाव पार्कात रजनीशांचा आश्रम उभा राहिला. जगभरातून शिकलेली, हुशार माणसं मनाच्या उपचारांसाठी तिथं आली. मन मोकळं करण्याच्या नावाखाली चालणाऱ्या काही गटांत मारहाण व्हायची, हाडं मोडायची, आणि त्यालाही साधनाच म्हटलं जायचं. 1981 नंतर मंडळी अमेरिकेतल्या ओरेगॉनला गेली. तिथल्या निवडणुकीत विरोधी मतदारांना आजारी पाडावं म्हणून 1984 मध्ये त्यांच्यातल्या काहींनी हॉटेलांतल्या सॅलडमध्ये जंतू मिसळले. 751 माणसं आजारी पडली. आईबापांपासून वेगळी ठेवून वाढवलेली तिथली मुलं आता प्रौढ झाली आहेत आणि त्या वयात झालेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल उघड बोलत आहेत. रजनीशांची पुस्तकं आपल्याकडं अनेक घरांत आहेत. असू देत. प्रवचन गोड आहे म्हणून व्यवस्था निर्मळ ठरत नाही, इतकंच. जपानात सबवेत विषारी वायू सोडणारा ओम शिनरिक्यो हा पंथसुद्धा 1984 मध्ये योगाच्या छोट्या वर्गातूनच सुरू झाला होता.

आणि ‘आम्ही सुशिक्षित आहोत’ हे कवच धरू नका. आपल्याच रेल्वेमार्गावर पुढं मिरज लागतं. त्या तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये जून 2022 मध्ये एकाच कुटुंबातले नऊ जण गेले. दोघा भावांपैकी एक शिक्षक, दुसरा जनावरांचा डॉक्टर. आधी सामूहिक आत्महत्या वाटली. पुढं गुप्तधनाचं आमिष दाखवणाऱ्या मांत्रिकानं विष दिल्याचं पोलिसांनी सांगितलं.

मग ओळखायचं कसं? तिथं काय शिकवतात त्यापेक्षा तिथून निघू पाहणाऱ्याशी कसं वागतात ते बघा. मागच्या वर्षी सोडून गेलेल्याचा फोन नंबर मागा. देतात का, त्याच्याबद्दल काय बोलतात? ‘तो कमकुवत निघाला’, ‘नकारात्मक होता’ असं ऐकू आलं तर सावध व्हा. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला सांगत असतील, मग त्या थायरॉईडच्या असोत की फिटच्या, तर त्याच दिवशी पोर घरी आणा. ‘हे घरी सांगायचं नाही’ हे वाक्यही तसंच. मुक्काम असेल तर न कळवता एकदा जाऊन या. रागावणारा आयोजक रागावू दे.

पोर आधीच गुंतलेली असेल तर काम अवघड आहे. अठरा पूर्ण झालेल्या मुलीला पोलीस ओढून आणू शकत नाहीत. ‘बुद्धी गहाण टाकलीस’ म्हणालात की तिचे गुरू जे सांगत होते, घरचे तुला समजून घेणार नाहीत, तेच तुम्ही खरं केलंत. ऑक्सनबर्गनं मुलीला घरी बोलावून पुराव्यांसह समजावलं, तेव्हा मुलीनं गटाचीच बाजू घेतली. आई मग वर्तमानपत्रांकडं आणि सरकारी वकिलांकडं गेली, पण मुलीला तिनं टाकलं नाही. रॅनिएरीला अटक झाली त्या वर्षी, 2018 मध्ये, मुलगी बाहेर पडली. म्हणजे सात वर्षं. तेव्हा आठवड्याला एक फोन ठेवा, त्यात गटाचा विषय काढू नका. म्हशीनं दूध किती दिलं, आजीचा गुडघा कसा आहे, हेच बोला. पैसे मागितले तर रोख देऊ नका. जेवण, औषध, गाडीभाडं खुशाल द्या. पावत्या आणि मेसेज जपून ठेवा.

अंगात अलौकिक शक्ती आहे किंवा मागच्या जन्मीची पत्नी आहेस, असं सांगून शरीरसंबंध ठेवणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. पोर अठराच्या आतली असेल तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा आहेच. ठाण्यात जायला धीर होत नसेल तर आधी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या साताऱ्यातल्या कार्यकर्त्यांना गाठा. तक्रार कशी लिहायची हे ते तुमच्यासोबत बसून सांगतील, आणि ‘आम्हीच तिला पाठवलं होतं’ हे तुम्ही खालच्या मानेनं म्हणालात तरी त्यांना त्यात नवल वाटणार नाही.