औषधी वनस्पतींची छाटणी : पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म

दवाखान्याच्या अंगणात किंवा औषधालयाच्या मागील मोकळ्या जागेत अडुळसा, तुळस, निर्गुडी, गुळवेल, शतावरी अशा वनस्पती लावण्याची प्रथा आपल्या व्यवसायात जुनीच आहे. लागवडीविषयी आपल्या बैठकांतून पुष्कळ बोलले जाते. छाटणीविषयी मात्र क्वचितच. परिणामी बहुतेक ठिकाणी दोन टोके दिसतात. एक तर झुडपाला वर्षानुवर्षे कात्री लागत नाही आणि अडुळशाची उंच, उघडी, काष्ठमय खोडे तेवढी उरतात. किंवा दिवाळीच्या साफसफाईत माळी हाताला लागेल ते सरसकट कापून टाकतो. दोन्ही प्रकारांत नुकसान रुग्णाचे होते, कारण स्वरसासाठी वा काढ्यासाठी जे पान, मूळ किंवा कांड आपण वापरतो, त्याचा कस झाड कधी व कसे कापले यावरही अवलंबून असतो. म्हणून प्रस्तुत लेखात छाटणीची मूलतत्त्वे वैद्यांच्या परिभाषेत मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

द्राक्षबागेचा धडा

नाशिककरांना छाटणीचा पाठ शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतील द्राक्षबागायतदार दरवर्षी दोन वेळा वेल छाटतो. युरोपातील थंड प्रदेशात हिवाळ्यात वेल निष्पर्ण होऊन विश्रांती घेते, तेथे मुख्य छाटणी वर्षातून एकदाच होते. आपल्याकडे वेलीला अशी पूर्ण निद्रा मिळत नाही. म्हणून दोन छाटण्या व एक पीक ही पद्धत येथे रूढ झाली.

एप्रिलच्या सुमारास, फळ उतरल्यावर, जुन्या काड्या एक-दोन डोळ्यांवर आखूड कापतात. ही खरड छाटणी. त्यानंतर ज्या नव्या काड्या येतात, त्यांच्या डोळ्यांत पुढील हंगामाचा घड सूक्ष्मरूपाने तयार होतो. ऑक्टोबरच्या सुमारास याच काड्या फलधारक डोळा राखून कापतात. ही गोडी बहाराची छाटणी. घड कोणत्या डोळ्यात आहे हे पाहण्यासाठी अनेक बागायतदार काड्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणीही करून घेतात. समजा, कोणी जुलै-ऑगस्टमध्ये त्या काड्या मुळापासून कापल्या, तर वेल मरणार नाही. पण त्या वर्षीचे पीक मात्र गेलेच.

यातून एकच तत्त्व निघते. आपल्याला हवा असलेला भाग झाड कोणत्या फुटीवर व कोणत्या काळात घडविते, हे जाणून मगच कात्री उचलावी. आपल्या भाषेत सांगायचे तर, आधी प्रयोज्यांग, मग छेदन.

छाटणीने झाडात काय घडते

फांदीच्या शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे वृद्धिद्रव्य खालच्या बगलेतील डोळ्यांना दडपून ठेवते. थिमन व स्कूग या शास्त्रज्ञांनी १९३३ साली हा परिणाम प्रयोगाने दाखविला. शेंडा खुडला की दडपण उठते, खालचे डोळे फुटतात व झुडूप भरगच्च होते. याउलट एखादी फांदी बुडापासून काढली, तर झुडूप दाट न होता मोकळे होते व आतपर्यंत ऊन-वारा पोहोचतो. म्हणून 'शेंडा खुडणे' आणि 'फांदी विरळणे' ही दोन भिन्न कर्मे आहेत. पाला हवा असेल तर पहिले. आंबा, आवळा, लिंबू अशा फळझाडांत गर्दी झाली असेल तर दुसरे.

पूर्वकर्म

सुश्रुताचार्यांनी शस्त्रकर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे तीन टप्पे सांगितले आहेत. झाडाच्या बाबतीतही हा क्रम उपयोगी पडतो.

पूर्वकर्मात प्रथम काळाचा विचार करावा. चरकसंहितेच्या कल्पस्थानातील पहिल्या अध्यायात द्रव्यसंग्रहाचे काळ दिले आहेत : नुकतीच उगवलेली शाखा व पाने वर्षा आणि वसंत ऋतूत, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात, फुले-फळे ज्या त्या ऋतूत. यातील पानांविषयीचा 'नुकतीच उगवलेली' हा निकष महत्त्वाचा आहे. तीन वर्षे न छाटलेल्या झुडपावर अशी पाने फारच थोडी मिळतात. संग्रहकाळाच्या काही आठवडे आधी केलेली छाटणी ती मिळवून देते.

दुसरी गोष्ट शस्त्राची. अंगठ्यापेक्षा बारीक फांदीसाठी धारदार सिकेटर, जाड फांदीसाठी करवत. बोथट पात्याने साल चिरडते व बुरशीला वाट मिळते. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पाते दवाखान्यातील स्पिरिटने पुसावे. रोगट झाड सर्वांत शेवटी घ्यावे. भर पावसात, ओल्या झाडावर छाटणी टाळावी.

प्रधानकर्म

क्रम असा ठेवावा : आधी वाळलेल्या, मग रोगट, मग एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या, त्यानंतर खोडाच्या बुडातून सरळ वर धावणारे पानसोट. एवढे काढून झाल्यावर दोन पावले मागे येऊन झाड पाहावे. पुष्कळदा आणखी कापण्याची गरज उरत नाही. मोठ्या झाडांत एका वेळी पाव भागाहून अधिक पाला काढू नये.

बारीक फांदी डोळ्याच्या किंचित वर, साधारण अर्धा सेंटिमीटर अंतरावर, तिरकी कापावी. उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूस असावा. डोळा बाहेरच्या दिशेचा निवडावा, म्हणजे नवी फूट बाहेर पसरते.

जाड फांदीच्या बुडाशी, खोडाला लागून, एक फुगीर वलय दिसते. काप त्या वलयाच्या लगेच बाहेर घ्यावा. खोडाशी सपाट कापल्यास वलयच जाते; लांब खुंट ठेवल्यास तो कुजतो. फांदी जड असल्यास आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून थोडी चीर द्यावी, मग तिच्या जरा पुढे वरून कापून भार उतरवावा आणि शेवटी उरलेला खुंट वलयाबाहेर कापावा. यामुळे साल खोडापर्यंत सोलली जात नाही.

पश्चात्कर्म

येथे मनुष्य व वनस्पती यांतील एक भेद लक्षात घ्यावा. आपल्या व्रणात रोपण होते, गेलेल्या ऊतींच्या जागी नव्या येतात. झाडाचे तसे नाही. अमेरिकेच्या वनसेवेतील अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडे चिरून दाखविले की, झाड जखम भरून काढत नाही; ते भोवती भिंत उभारून तिला कोंडते आणि बाहेरून नवे काष्ठ वाढविते. कोणताही रंग वा लेप ही भिंत उभारू शकत नाही, असेही त्यांच्या निरीक्षणांतून पुढे आले. म्हणून योग्य जागी घेतलेला स्वच्छ काप हाच खरा उपचार होय.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाध्यायात रोगट भागाचे आधी शस्त्राने शोधन करून मग विडंग, तूप व चिखल यांचा लेप सांगितला आहे. तेथेही शोधन प्रथम आहे, लेप नंतर, हे ध्यानात ठेवावे. आपल्याकडील पावसाळी दमट हवेत मोठ्या कापावर बुरशी रोखण्यासाठी दहा टक्के बोर्डो पेस्ट (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी) लावण्याची फळबागांतील पद्धत आहे. ज्या झाडाची साल औषधात घ्यायची आहे, तेथे मात्र ती टाळणे इष्ट.

प्रयोज्यांगानुसार छाटणी

*अडुळसा, निर्गुडी (पत्र) :* दोन्ही झुडपे कठोर छाटणी सोसतात. अडुळशाचा फुलोरा संपताच दीड फुटावर छाटावे व पाणी द्यावे. वर्षारंभी कोवळा, भरपूर पाला मिळतो.

*तुळस (पत्र) :* मंजिरी दिसू लागताच खुडावी. बी हवे असेल त्याच झाडांवर राखावी. कापताना खाली हिरवी पाने शिल्लक ठेवावीत. जुन्या, निष्पर्ण, तपकिरी खोडावर कापल्यास ते सहसा फुटत नाही. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत वाढ मंदावते, तेव्हा मोठी छाटणी करू नये.

*गुळवेल (कांड) :* येथे शेंडे खुडून वेल दाट करणे अनिष्ट, कारण आपल्याला परिपक्व, जाड कांड हवे. उन्हाळ्यात अंगठ्याएवढी जाड कांडे घ्यावीत; बुडाशी दोन फूट वेल राखल्यास ती पुन्हा फुटते.

*शतावरी (मूळ) :* हिरवी वेल कापू नये. मुळांत साठणारे अन्न तीच तयार करते. पिवळी पडून वाळलेली कांडे तेवढी काढावीत.

*मोगरा, गुलाब, जास्वंद (पुष्प) :* तिन्हींना नव्या फुटीवर फुले येतात. मोगरा नोव्हेंबरअखेर पाणी तोडून गुडघ्याएवढ्या उंचीवर छाटावा. गुलाब ऑक्टोबरात छाटल्यास सुमारे सहा-सात आठवड्यांनी फुलतो. जास्वंद थंडी ओसरताना छाटावी.

तीन सावधगिरीच्या सूचना

पहिली : छाटलेला प्रत्येक पाला औषध नव्हे. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत बुरशीनाशकांच्या वारंवार फवारण्या होतात व त्यांचे तुषार बांधापर्यंत जातात. त्याच बांधावर अडुळसा असतो, कडुनिंबावर गुळवेल असते. औषधालयचालकांनी संकलकाकडून माल घेताना वनस्पती, अंग, तोडणीची तारीख, ठिकाण व शेजारील पिकाची शेवटची फवारणी यांची नोंद मागावी. नोंद देता येत नसेल, तर माल कितीही हिरवागार दिसला तरी घेऊ नये.

दुसरी : रुई, शेर, निवडुंग यांचा चीक डोळ्यांत गेल्यास तीव्र इजा होते, चष्मा व हातमोजे वापरावेत. कण्हेरीची सर्व अंगे विषारी आहेत. तिची छाटण जनावरांपुढे टाकू नये व जाळूही नये, खोल पुरावी.

तिसरी : झुडपे आपली, वृक्ष मात्र कायद्याच्या संरक्षणात आहेत. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये शहरात वृक्ष तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि 'तोडणे' या शब्दात झाडाला इजा करणेही येते. अर्जुन, बेल, कडुनिंब यांच्या मोठ्या फांद्या उतरविण्यापूर्वी महानगरपालिकेकडे अर्ज करावा.

उपसंहार

वैद्यबंधूंनी आरंभ एकाच झुडपापासून करावा. अंगणातील अडुळशाची अर्धी खोडे या फुलोऱ्यानंतर छाटावीत, अर्धी तशीच ठेवावीत. श्रावणात दोन्हींची पाने शेजारी ठेवून रंग, मार्दव, गंध व समान वजनाच्या पानांतून निघणारा स्वरस यांची तुलना करून लिहून ठेवावी. कोणत्या महिन्यात काय छाटले याची वही दवाखान्यात असली, तर दोन-तीन वर्षांत आपल्या गावच्या हवामानाचा स्वतःचा छाटणी-पंचांग तयार होतो. सभासदांनी अशा नोंदी एकत्र आणल्यास त्या सर्वांच्याच उपयोगी पडतील.