सिलिंडरांचे बलवर्धन

मोटारीच्या एंजिनाची शक्ती वाढवावयाची, तर सिलिंडरात अधिक हवा भरून त्या प्रमाणात अधिक इंधन जाळले पाहिजे. टर्बोचार्जर हेच काम करतो. एंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोराने त्याचे एक चाक फिरते आणि त्याच दांड्यावरील दुसरे चाक हवा दाबून सिलिंडरात लोटते. शक्ती वाढते खरी. परंतु ती वाढते सिलिंडरातील दाब वाढल्यामुळे, आणि हा दाब सोसावा लागतो तो सिलिंडराच्या भिंतीला. कारखान्याने ही भिंत मूळ एंजिनाच्या दाबास अनुसरून बेतलेली असते. म्हणून शर्यतीसाठी एंजिनात फेरफार करणाऱ्या कारागिरापुढे पहिला प्रश्न उभा राहतो, तो सिलिंडर बळकट कसे करावेत हा.

भिंतीवर पडणारे ताण

सिलिंडराचा व्यास ८० मिलिमीटर, भिंतीची जाडी ५ मिलिमीटर आणि आतील दाब १० मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १०० पट, आहे असे समजू. दाबास व्यासाने गुणून जाडीच्या दुपटीने भागले असता भिंतीला परिघाच्या दिशेने फाडू पाहणारा ताण मिळतो. येथे तो ८० मेगापास्कल येतो. साधारण प्रतीचे बीडदेखील याच्या दुपटीहून अधिक ताण सहन करते. मग भिंतीला धोका कसला?

धोका तीन गोष्टींमुळे निर्माण होतो. पहिली गोष्ट अशी की, दट्ट्या खाली येत असता त्याचा जोडदांडा तिरपा होतो व त्यामुळे दट्ट्या भिंतीला एका बाजूस रेटतो. दुसरी गोष्ट म्हणजे हे आघात अविरत चालू असतात. मिनिटाला ६,००० फेरे करणाऱ्या चतुर्घाती एंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरात मिनिटास ३,००० वेळा ज्वलन होते. एका आघाताने न तुटणारा धातू अशा लक्षावधी आघातांनी शिणतो आणि त्यास सूक्ष्म तडे जातात. तिसरी गोष्ट सर्वांत घातक होय. ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप पेटले, तर दाबाच्या तीव्र लहरी उठून भिंतीवर आदळतात. कारागीर यास ‘नॉकिंग’ म्हणतात.

यातही एक मर्म ध्यानात ठेवले पाहिजे. दट्ट्या व भिंत यांमधील अंतर मिलिमीटराच्या काही शतांश भागांइतकेच असते. भिंत तेवढ्या मापाने जरी लंबगोल झाली, तरी दट्ट्याच्या कड्या तिला नीट चिकटून राहत नाहीत. वायू खाली निसटतो आणि तेल वर चढून जळते. वरची कड हलू लागली, तर गॅस्केट निकामी होते. सारांश, सिलिंडर फुटण्याच्या पुष्कळ आधी आपला आकार सोडतो. बलवर्धनाचा खरा हेतू भिंत जाड करणे हा नसून तिला गोल व स्थिर राखणे हा आहे.

उघडा माथा

अनेक ॲल्युमिनियमी ब्लॉकांत सिलिंडर हे परातीतील पाण्यात उभ्या केलेल्या पेल्यांसारखे असतात. त्यांच्याभोवती थंड करणारे पाणी खेळते आणि वरच्या टोकाशी त्यांना बाजूचा आधार नसतो. यास उघड्या माथ्याचा ब्लॉक म्हणतात. पोलादी साचा वरून सहज काढून घेता येत असल्याने तो ओतावयास सोपा व स्वस्त पडतो. बंद माथ्याच्या ब्लॉकात मात्र वर सलग पत्रा असून पाण्यासाठी त्यात केवळ छिद्रे ठेवलेली असतात. या दोहोंतील भेद घरच्या घरी पाहता येतो. पत्र्याच्या डब्याचे झाकण काढून त्याची कड दोन्ही बाजूंनी दाबावी; ती तत्काळ लंबगोल होते. बुडाशी तसाच दाब दिला तरी डबा हलत नाही.

अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीची शेव्हरोलेट व्हेगा ही गाडी १९७० साली बाजारात आली. तिच्या २.३ लिटर एंजिनाचा ब्लॉक उघड्या माथ्याचा होता. तो सुमारे १७ टक्के सिलिकॉन असलेल्या ॲल्युमिनियमाचा असून त्यात बिडाचे अस्तर नव्हते. एंजिन अतिशय तापले की सिलिंडरांचा आकार बिघडे व तेल जळू लागे. अशा ब्लॉकांची दुरुस्ती करताना सिलिंडर मोठे करून त्यांत बिडाची अस्तरे बसविण्यात येत. ही काही शर्यतीची गाडी नव्हती. साध्या गाडीत केवळ उष्णतेने जे घडले, ते दाब वाढविलेल्या एंजिनात अधिक सहज घडेल, हे उघड आहे.

उपाय आणि त्यांचे मोल

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे उघड्या माथ्याच्या फटीत धातूचे कडे ठोकून बसविणे. सिलिंडराची कड त्यामुळे स्थिर होते. परंतु जेथे उष्णता सर्वाधिक, तेथेच पाण्याची वाट अरुंद होते. शिवाय कडे घट्ट बसले की सिलिंडर किंचित चेपतो. म्हणून ते बसविल्यानंतरच सिलिंडर घासून पुन्हा गोल करावे लागतात.

दुसरा उपाय अस्तराचा. साध्या बिडात ग्रॅफाइटाचे पापुद्रे असतात व तडा त्यांच्या कडेपासून सुरू होतो. अमेरिकेत कीथ मिलिस यांनी १९४३ साली वितळलेल्या बिडात मॅग्नेशियम मिसळले, तेव्हा ग्रॅफाइटाच्या गोळ्या बनल्या आणि बीड चिवट झाले. अशा चिवट बिडाच्या अस्तरांच्या वरच्या कडा रुंद ठेवून एकमेकींस भिडविल्या, म्हणजे उघडा माथा जवळजवळ बंद होतो.

अस्तर बसविण्याची रीत बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविण्यासारखीच आहे. धाव तापवून चढवितात आणि निवताना ती आकसून चाकास आवळते. येथे ब्लॉक तापवून त्यात थंड अस्तर सोडतात. परंतु पुढे एंजिन चालू होऊन ब्लॉक पुन्हा तापतो, तेव्हा पकड सैल होऊ लागते. ९० मिलिमीटर व्यासाचे ॲल्युमिनियम १०० अंश सेल्सियसने तापले, तर सुमारे ०.२१ मिलिमीटर वाढते. बीड मात्र ०.१० मिलिमीटरच वाढते. अस्तर ब्लॉकपेक्षा अधिक तापत असल्याने प्रत्यक्षातील फरक याहून कमी असतो. तथापि तो आधी हिशेबात न धरल्यास अस्तर खाली सरकते.

तिसऱ्या उपायात पाण्याच्या पोकळीचा खालचा भाग सिमेंटासारख्या मिश्रणाने भरून टाकतात. सरळ मार्गावरील काही सेकंदांच्या शर्यतीस हे चालते. रोजच्या रस्त्यावर असे एंजिन थंड राखणे कठीण जाते.

पहिले बलवर्धन

जर्मनीतील बीएमडब्ल्यू कंपनीची ‘१५००’ ही गाडी १९६२ साली विक्रीस आली. तिच्या बिडाच्या ब्लॉकाचे एंजिन ८० अश्वशक्तींचे होते. त्याच घराण्यातील बिडाच्या ब्लॉकावर पाउल रोशे यांनी टर्बोचार्जर लावलेले दीड लिटरचे शर्यतीचे एंजिन उभारले. १९८३ साली नेल्सन पिके हे ब्रॅबम गाडीतून फॉर्म्युला वनचे जगज्जेते झाले, ते याच एंजिनावर. त्याची शक्ती सहाशे अश्वशक्तींहून अधिक होती. ताठ बिडाचे सामर्थ्य यावरून दिसते. परंतु या यशाचे श्रेय एकट्या बिडास देता येत नाही. नॉकिंग आवरण्यासाठी त्या एंजिनास टोल्यूइनचे प्रमाण मोठे असलेले खास इंधन देण्यात येत असे.

यातून निघणारा बोध स्पष्ट आहे. दाबाच्या लहरी बेफाम आदळत असतील, तर चिवट अस्तरही फार काळ तग धरीत नाही. आणि भिंत टिकली, तरी गॅस्केट, बोल्ट किंवा जोडदांडा दगा देतो. म्हणून योग्य इंधन, ठिणगीची अचूक वेळ व दाबून भरलेली हवा थंड करण्याची व्यवस्था यांकडे प्रथम लक्ष पुरवावे. त्यानंतर सिलिंडराचा व्यास वर, मध्ये व खाली, आडवा व उभा असा मापून पाहावा, आणि मगच धातूला हात घालावा. शिस्तीने होणारे ज्वलन हेच सिलिंडराचे पहिले बलवर्धन होय.