शेतावरील खरेदी : परिसर अभ्यासाचा एक पाठ

पुण्याहून दिवेघाट चढून सासवडकडे निघालेल्या माणसाला रस्त्याच्या कडेला ऋतूप्रमाणे अंजीर, सीताफळ, पेरू ह्यांच्या पाट्या मांडलेल्या दिसतात. पाटीमागे पुष्कळदा बागाईतदाराच्याच घरचे कोणी बसलेले असते. शहरातील कुटुंबे सुटीच्या दिवशी येथे थांबतात; काही थेट बागेपर्यंत जातात आणि परतताना फळांबरोबर एखादे कलमही नेतात. ह्या व्यवहाराविषयी सामान्य समजूत अशी की, मधला दलाल दूर झाला म्हणजे शेतकऱ्याला चार पैसे अधिक मिळतात आणि गिऱ्हाइकाचे चार पैसे वाचतात. ही समजूत खोटी नाही. पण अपुरी आहे. मधला मनुष्य गेला तरी त्याचे काम जात नाही, ते कोणाला तरी करावेच लागते. ते काम कोणते व ते कोणाच्या अंगावर पडते, हे पाचवीपासून सातवीपर्यंतच्या मुलांना त्यांच्याच परिसरातून दाखविता येण्यासारखे आहे.

मालाची प्रतवारी करणे, तो भरणे व वाहून नेणे, न खपलेल्या मालाची तूट सोसणे, ही व्यापाऱ्याची कामे होत. महाराष्ट्रात १९६३ च्या कायद्यान्वये शेतमालाच्या खरेदी-विक्रीचे नियमन बाजार समित्यांकडे आले. २०१६ साली बाजार आवाराबाहेरील फळे व भाजीपाला ह्यांची विक्री त्या नियमनातून मोकळी करण्यात आली. त्यामुळे शेतकऱ्याला विक्रीचे स्वातंत्र्य मिळाले. विक्रीची दगदगही त्याच्याचकडे आली.

पुरंदर तालुका पर्जन्यछायेत येतो. पाऊस बेताचा, हवा कोरडी, जमीन पुष्कळ ठिकाणी हलकी व पाण्याचा निचरा करणारी. दिवे, सोनोरी, गुऱ्होळी ह्या बाजूंना अंजीर रुजले ते ह्यामुळे. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. ह्या झाडाचे दोन बहार शेतकरी ओळखतात, खट्टा व मीठा. उन्हाळ्याच्या बाजूला येणारा मीठा बहार नावाप्रमाणेच अधिक गोड. अंजिराची फुले बाहेर दिसत नाहीत. ती फळाच्या पोकळीत असतात. फळ मधोमध कापून मुलांना दाखविले तर हा भाग एकदा पाहिल्यावर विसरला जात नाही.

परंतु खरेदीच्या दृष्टीने अंजिराचा महत्त्वाचा गुण वेगळाच आहे. कच्चे तोडलेले अंजीर घरी ठेवून गोड होत नाही, आणि पिकलेले अंजीर एक-दोन दिवसांपलीकडे धड राहत नाही. म्हणूनच ते पहाटे तोडतात, पाने घालून पाटीत हलक्या हाताने लावतात आणि त्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या हाती जावे म्हणून धडपडतात. सीताफळाची रीत उलट. ते झाडावर पूर्ण पिकू दिले तर फुटते व गळते. त्याचे डोळे उघडून मधल्या रेषा पिवळसर दिसू लागल्या की फळ उतरवितात, आणि ते दोन-चार दिवसांत घरी पिकते. पेरू ह्या दोहोंच्या मधला. ‘झाडावर पिकलेले तेच उत्तम’ असे सरसकट शिकविणे ह्यासाठी योग्य नव्हे. अंजीर खाण्याच्या दिवशी घ्यावे, सीताफळ दोन दिवस आधी घ्यावे, एवढे भान घरातील खरेदी करणाऱ्याला असले तरी बरीच नासाडी टळते.

आता हिशेब. पुढील भाव गणित सोपे व्हावे म्हणून धरले आहेत. प्रत्यक्ष भाव मुलांनी चौकशी करून आणावेत. समजा, एका सकाळी २० किलो अंजीर उतरले. व्यापारी तो सबंध माल ५० रुपये किलोने बागेतून उचलतो. बागाईतदाराला १,००० रुपये मिळतात. दुसऱ्या दिवशी तेवढाच माल आहे. पण सहा-सात कुटुंबे बागेत येतात, पाट्या चाळतात, मोठी व बिनडागी फळे वेचून १२ किलो माल ६० रुपये भावाने नेतात. त्याचे ७२० रुपये झाले. उरलेला ८ किलो माल आता निवडून टाकलेला माल ठरतो आणि व्यापारी त्याला २५ रुपयांहून अधिक देत नाही. त्याचे २०० रुपये. एकूण ९२० रुपये. किलोमागे १० रुपये अधिक घेऊनही बागाईतदाराला ८० रुपये कमी मिळाले, शिवाय त्याची अर्धी सकाळ गिऱ्हाइकांत गेली ती वेगळीच. तूट येऊ नये म्हणून वेचलेल्या फळांना काय भाव पडावयास हवा, हे मुलांनी काढावे. १२ किलोंचे ८०० रुपये, म्हणजे किलोला सुमारे ६६ रुपये ६७ पैसे; आणि एवढ्याने तर केवळ बरोबरी होते.

ह्याच उदाहरणाची दुसरी बाजूही मांडावी. कुटुंबांनी सर्व २० किलो माल न वेचता, पाटी जशी लावली असेल तशी, ६० रुपये भावाने घेतला तर बागाईतदाराला १,२०० रुपये मिळतात. शहरात किरकोळ भाव ९० रुपये धरला तर कुटुंबाचे किलोमागे ३० रुपये वाचतात. मात्र दोन किलो अंजिरांसाठी पुण्याहून गाडी काढली तर वाचलेल्या ६० रुपयांहून अधिक खर्च इंधनावर होतो. बाजारहाट थेट शेतावर केली म्हणजे स्वस्त पडते असे म्हणणाऱ्यांच्या हिशेबात ही रक्कम क्वचितच धरलेली आढळते. ह्यावर उपाय असा की, शेजारच्या तीन-चार घरांनी मिळून सबंध पाटी घ्यावी व कोणी तरी एकाने जावे. घरी आल्यावर पाटी निवडावी. मऊ झालेली फळे त्याच दिवशी खावीत, दबलेली साखरेत शिजवावीत, टणक दुसऱ्या दिवसासाठी ठेवावीत. व्यापाऱ्याचे प्रतवारीचे काम कुटुंबाने पत्करले ते असे.

फळाची चूक दुसऱ्या दिवशी कळते. कलमाची चूक कळण्यास वर्षे जातात. म्हणून कलमाची खरेदी स्वतंत्रपणे शिकविली पाहिजे. गोड पेरू खाल्ला की त्याचे बी जपून ठेवावे असे मुलांना वाटते. बियांपासून झाड येते, पण ते मूळ झाडासारखेच येईल असा भरवसा नसतो. ह्याचे उत्तम उदाहरण पुण्यातच आहे. लखनौहून आणलेल्या बियांच्या रोपांतून गणेशखिंड येथील फलसंशोधन केंद्रात १९२७ साली एक उत्तम झाड निवडण्यात आले. तेच ‘लखनौ ४९’, आजचा ‘सरदार’ पेरू. बियांची रोपे एकमेकांपासून भिन्न निघाली म्हणूनच त्यांतून निवड करता आली. आणि पुढे कलमे केली गेली म्हणूनच निवडलेला गुण टिकला. पेरूचे दाब कलम, डाळिंबाचे गुटी कलम, अंजिराचे फांदीच्या काडीपासून केलेले कलम हे प्रकार प्रत्यक्ष दाखविता आल्यास पुस्तकातील चित्राची गरज उरत नाही.

कलमाबरोबर पिशवीतील मातीही गावात येते, ह्याकडे फार थोड्यांचे लक्ष असते. डाळिंबाचा तेल्या रोग रोगट बागेतील गुटीवाटे दुसऱ्या बागेत जातो. पेरू, डाळिंब व अंजीर ह्यांच्या मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी मातीतून पसरतात. घरच्या परसात हौसेने लावलेले एक कलम कुंपणापलीकडील शेजाऱ्याची बाग धोक्यात आणू शकते. फळरोपवाटिकांना परवाना आवश्यक करणारा कायदा महाराष्ट्रात १९६९ पासून आहे. ओळखीच्या बागेतून ‘एखादी काडी द्या हो’ म्हणून आणण्यापेक्षा परवानाधारक रोपवाटिकेतून, जातीचे नाव लिहिलेली पावती घेऊन, कलम आणणे हे ह्यास्तव श्रेयस्कर. उंच कलमापेक्षा मध्यम उंचीचे व जाड बुंध्याचे कलम निवडावे. पिशवीबाहेर मुळे फार निघालेली असल्यास ती आत वेटाळलेली असण्याचा संभव असतो. पानांखाली पांढरा चिकटा आहे काय, हेही पाहावे.

भेटीस जाण्यापूर्वी शिक्षकांनी बागाईतदाराची सवड विचारून घ्यावी. तोडणी पहाटेची असल्याने मुलांना नेण्यास सकाळचा उत्तरार्ध सोयीचा. त्या वेळी मालाची लावणी व वजन चालू असते. फळांना हात लावण्यापूर्वी विचारावे, कारण कच्च्या अंजिराच्या देठातून निघणारा चीक त्वचेला खाज आणतो. ‘दादा, शेवटची फवारणी केव्हा केली?’ हा प्रश्न मुलांनी अदबीने पण न चुकता विचारावा. औषधाची फवारणी व फळांची तोडणी ह्यांमध्ये किती दिवस जावे लागतात हे औषधावरील पत्रकात छापलेले असते. ते वाचावयास मिळाल्यास वाचनाचा एक उपयुक्त पाठ होईल. पाटीचे रिकामे वजन, भरलेल्या पाटीचे वजन, भाव, आणि चुलते-मालकांपासून तोडणाऱ्या मावशींपर्यंत त्या सकाळी किती जणांचे हात कामी आले, एवढे वहीत उतरावे. घरी गेल्यावर तोच माल बाजारात काय भावाने मिळतो हे आईवडिलांना विचारून दुसऱ्या दिवशी फरक मांडावा. हा फरक म्हणजे सगळा दलालाचा नफा, असे उत्तर बहुतेक मुले देतील. तेव्हा मोटारभाडे, हमाली व नासका माल ह्यांचे आकडे त्यांच्याकडूनच काढून घ्यावेत.

शाळेसाठी कलम घेतले असल्यास ते पावसाळ्याच्या प्रारंभी लावावे. पिशवी पूर्ण काढावी. जोड बांधलेली पट्टी कलम जुळल्यावर कापावी, नाहीतर ती बुंध्यात रुतते. जोडाखालून येणारे फुटवे खुडावेत. ते कलमाचे नसून खालच्या खुंटाचे असतात. जातीचे नाव, रोपवाटिका, दिनांक व पावती क्रमांक एका वहीत लिहावा. पाचवीत पेरूचे कलम लावणाऱ्या मुलाला सातवीतून जाण्यापूर्वी त्याचे फळ दिसू शकते, सीताफळास त्याहून अधिक काळ लागतो; म्हणून ही वही वर्गाच्या नावे न ठेवता शाळेच्या दप्तरात ठेवावी.