मशीन लावण्याआधी चार प्रश्न विचारा

नैराश्यावर डोक्याला चुंबकाचं मशीन लावतात, ते खरं का, असं आमच्या कडा गावात बरेच जण मला हळू आवाजात विचारतात. खरं आहे. मी ते घेतलंय आणि मला गुण आलाय. पण ‘मशीन लावलं की गोळ्या बंद’ असं जे सांगितलं जातं, त्यापायी माझ्या जिवावर बेतलं होतं.

कांदा काढणीला आलेला आणि माझं शेतात पाऊल पडत नव्हतं. पहाटे तीनला जाग यायची, मग डोळ्याला डोळा लागायचा नाही. आई म्हणायची, “बाहेरचं काही असंल, बघून घेऊ.” औषध बदलूनही फरक पडेना. तेव्हा शहरातल्या एका सेंटरची जाहिरात दिसली. काउंटरवरच्या माणसाने पॅकेज सांगितलं, पैसे आगाऊ घेतले आणि ‘आता गोळ्यांची गरज नाही’ म्हणून मोकळा झाला. डॉक्टरांची गाठ पडलीच नाही.

उपचार तसा साधा. खुर्चीत बसवतात, कानात बोळे घालतात, डोक्याच्या पुढच्या भागात डावीकडे कॉइल टेकवतात. मग सुतारपक्षी लाकूड टोचतो तशी टकटक. भुवई आपोआप उडते, नंतर डोकं ठणकतं. भूल नाही, ॲडमिट होणं नाही. मात्र साधारण आठवड्यातून पाच दिवस, असे चार ते सहा आठवडे जावं लागतं. कड्याहून धानोऱ्यामार्गे नगरची रोजची एसटी जमेना, खाडे पडले. त्यात गोळ्या एकदम सुटल्याने चक्कर, घाबरं, झोप गायब आणि जीव द्यावा हाच विचार. भावाने मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि नगरला मावशीकडे राहायला लावून पूर्ण कोर्स करून घेतला. आधी झोप आली, मग भूक, मग कांद्याचा भाव विचारावासा वाटला.

या उपचाराला आरटीएमएस म्हणतात. 1985 साली इंग्लंडमध्ये शेफिल्डला अँथनी बार्कर यांनी चुंबकाने मेंदू चेतवून दाखवला. अमेरिकेने 2008 मध्ये नैराश्यासाठी मान्यता दिली, तीही औषधाने फरक न पडलेल्यांसाठी. म्हणजे ही पहिली पायरी नव्हे. गुण सगळ्यांनाच येतो असंही नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: मानसोपचारतज्ज्ञ स्वतः तपासणार का? गोळ्यांचं काय करायचं, हे कोण ठरवणार? रोज येणं जमेल का? मध्येच थांबलो तर पैसे परत मिळतील का? आणि आपणही लपवू नका. डोक्यात धातूची क्लिप, कानात बसवलेलं यंत्र, पेसमेकर, पूर्वी आलेली फिट, सगळं सांगा. क्वचित कुणाला या उपचारातही फिट येते.

लोक ज्याला ‘शॉक’ म्हणतात, तो विजेचा उपचार यापेक्षा वेगळा. त्यात भूल देऊन फिट आणतात. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. माणूस अन्नपाणी सोडून बसला, आत्महत्येवर आला, तर तोच लवकर लागू पडतो. शॉकला भिऊन पेशंट घरात ठेवू नका.

सुरुवात सरकारी दवाखान्यातून करा. आपल्याकडे बीडचं जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला तर 14416 हा टेलिमानसचा मोफत नंबर लावा. मराठीतून बोलता येतं. आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चालू गोळी एक दिवसही बंद करू नका.