भरती पाहावी, मग होडीत बसावे

आपली प्रवरा नदी रतनगडावर उगम पावते. भंडारदऱ्याच्या धरणातून ती खाली येते आणि नेवासे तालुक्यात प्रवरासंगमाला गोदावरीत मिसळते. गोदावरी पुढे आंध्रात समुद्राला मिळते. म्हणजे देवळाली प्रवरेच्या शिवारातले पाणी शेकडो कोस पूर्वेकडे जाते. सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला पडलेला पाऊस मात्र लवकरच कोकणच्या समुद्रात पोचतो. तिकडच्या नद्या आखूड. समुद्राजवळ त्या रुंद होतात आणि खारे पाणी त्यांत आत शिरते. अशा जागेला खाडी म्हणतात.

ऊस तुटून गेला, तेव्हा आम्ही दोघे नवरा-बायको ही खाडी पाहायला निघालो. एसटीने कऱ्हाड, पाटण करीत कुंभार्ली घाट उतरलो. वाटेत कोयना लागते. कोयनेचे पाणी मुळात कृष्णेतून पूर्वेला जायचे. धरण बांधून, डोंगरातून बोगदे काढून त्यातले काही पश्चिमेला वळवले. पोफळीला त्यावर वीज होते. मग ते पाणी वाशिष्ठी नदीत सुटते. वाशिष्ठी चिपळुणावरून वाहते आणि दाभोळला समुद्राला मिळते.

दाभोळ हे फार जुने बंदर. पूर्वी इथून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत खाडीतून लाँचा चालत. रस्ते झाले, तशा त्या बंद पडल्या. आता दाभोळ ते धोपावे अशी मोठी फेरीबोट आहे. ती २००३ सालापासून चालते. तिच्यात मोटारीसुद्धा चढतात. पण ती लगेच पलीकडे पोचवते, आणि आम्हांला तर घाई नव्हती. आम्ही एका मच्छीमाराची मोटरहोडी दिवसभरासाठी ठरवली.

सकाळी सातलाच आम्ही धक्क्यावर हजर. तांडेल म्हणाला, "काका, बसा निवांत. आज चतुर्थी. नवाच्या सुमाराला ओहोटी संपेल, मग निघू."

आम्हांला नवल वाटले. घड्याळ न बघता याला कसे कळले? त्याने हिशेब सांगितला. तिथीला तीनने गुणायचे आणि चारने भागायचे. चतुर्थीचे चार. चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. तिच्या आधी सहा तास आणि नंतर सहा तास, म्हणजे नवाच्या सुमाराला ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. हा अंदाज आहे. थोडे मागेपुढे होते. खाडीत जितके आत जावे, तितकी भरती उशिरा पोचते. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीला कमी चढते, ती भांगाची भरती.

भरतीबरोबर आत गेले की पाणीच होडीला ढकलते. डिझेल कमी लागते आणि होडी चिखलात रुतत नाही. परत येताना ओहोटी धरायची.

होडीवर पाटी होती: 'प्रवासी १२'. आमच्याबरोबर जायला आणखी माणसे जमली होती. आमच्या मंडळीने अक्षर लावून पाटी वाचली आणि मोठ्याने डोकी मोजली. पंधरा भरली! तिघांना तांडेलाने उतरवले. ते रुसले, पण करायचे काय? १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी लाटांत कलंडली. सहाशेहून जास्त माणसे बुडाली. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईहून घारापुरीला जाणाऱ्या बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. तेव्हाही पुष्कळांच्या अंगावर तरंगते जाकीट नव्हते. आम्ही जाकिटे घातली, बंद आवळले. उकडते खरे, पण घालावे.

होडी सावकाश चालली. दोन्ही काठांना तिवरांची झाडी. त्यांची मुळे चिखलातून खुंट्यांसारखी वर आलेली. मुळांना हवा लागते, म्हणून ती वर येतात. त्या झाडीत मासळीची पिले वाढतात आणि काठही ढासळत नाही. एका खडकावर बाया कोयत्याने काहीतरी फोडत होत्या. "कालवे काढतात," तांडेल म्हणाला. मंडळी हसली. आमच्याकडे कालव्यात पाणी; इथे पाण्यात कालवे! हा शिंपल्यातला जीव आहे. तो खातात.

काठाला मातीचे बांध दिसले. बांधाआड भातशेती होती. बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि जमीन काही वर्षे बाद होते. हे मात्र आम्हांला लगेच कळले. आमच्याकडे जादा पाणी दिल्याने जमिनी खारावतात, इथे समुद्र आत आल्याने.

दुपारी मालदोलीच्या बाजूला इंजिन बंद केले. भाकरी-ठेचा खाल्ला. भरती पुरी होऊन पाणी उलटेपर्यंत तिथेच थांबलो. ओहोटीने चिखल उघडा पडू लागला आणि त्यावर एक मगर उन्हाला येऊन पडली. मंडळीने पाण्यात सोडलेला हात झटकन आत घेतला.

परतताना तांडेलाने चिपळूणच्या पुराची गोष्ट काढली. २२ जुलै २०२१ रोजी शहर बुडाले. वरून पाऊस कोसळत होता. अशा वेळी समुद्रात भरती असली, तर नदीचे पाणी लवकर उतरत नाही. "म्हणून काकी, पावसात आम्ही आधी तिथी बघतो," तो म्हणाला.

आता वाचकांनी पाटीवर हिशेब करावा. दशमी असेल, तर दाभोळला पूर्ण भरती किती वाजता? आणि होडी आत न्यायला केव्हा निघावे?