शेजाऱ्याचे उघडे वायफाय : नीती, कायदा आणि वर्गातील एक पाठ

दुसऱ्याच्या बांधावरील आंबा विचारल्यावाचून पाडू नये, शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी घ्यावयाचे तर आधी त्याची संमती घ्यावी, हे संस्कार खेड्यातील शिक्षकाने पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या मनावर बिंबविले आहेत. अलीकडे मात्र खेड्यात अशी एक वस्तू आली आहे की जी डोळ्यांस दिसत नाही, भिंतीतून पलीकडे जाते आणि जिला कुंपण घालता येते हेच पुष्कळांस ठाऊक नसते. ती वस्तू म्हणजे वायफाय. सायंकाळी एखाद्या घराच्या ओट्याशी मोबाईल घेऊन दाटीवाटीने बसलेली मुले आपण सर्वांनीच पाहिली असतील. ‘गुरुजी, पासवर्ड नसलेले वायफाय वापरले तर त्यात चोरी कसली?’ असे त्यांपैकी एखाद्याने विचारल्यास शिक्षकाजवळ नेमके उत्तर असावे, या हेतूने पुढील विवेचन केले आहे.

१. वस्तुस्थिती

इंटरनेटची जोडणी घरात येते तेथे राउटर नावाची लहानशी पेटी असते. ही पेटी रेडिओलहरींच्या द्वारे मोबाईल व संगणक यांच्याशी देवघेव करते. या लहरी घराच्या भिंतीपाशी थांबत नाहीत. अंगणात, रस्त्यावर व शेजारच्या घरातही पोहोचतात. राउटरला योग्य प्रकारे पासवर्ड घातला म्हणजे दोन गोष्टी साधतात. एक तर परक्यास प्रवेश मिळत नाही. आणि दुसरे म्हणजे पेटी व मोबाईल यांमधील मजकूर सांकेतिक रूपात जात असल्याने तो वाटेत कोणास सहज वाचता येत नाही. पासवर्ड नसला म्हणजे या दोन्ही संरक्षणांवर पाणी सोडावे लागते.

२. नीतीचा विचार

मुलांचा पहिला युक्तिवाद असा असतो, की लहरी आमच्या घरात आपण होऊन येतात. शेजाऱ्याच्या दिव्याचा उजेड आमच्या अंगणात पडला व त्यात आम्ही पुस्तक वाचले, तर त्याचे काय गेले? हा दृष्टान्त वरवर पटणारा असला तरी लागू पडत नाही. उजेड नुसता पडतो. आपण वाचल्याने तो उणा होत नाही. वायफायच्या बाबतीत आपला मोबाईल पेटीकडे मागणी करतो, पेटी ती मागणी पुढे धाडते, आणि शेजाऱ्याने पैसे भरून घेतलेल्या जोडणीतून आपल्यासाठी माहिती आणते. तेवढा त्याचा वेग कमी होतो व वापराची मर्यादा असल्यास तिचा काही भाग आपण खर्च करतो. तेव्हा खरा दृष्टान्त दिव्याचा नसून विहिरीचा आहे. पोहरा आपणच सोडलेला असतो.

दुसरा युक्तिवाद असा, की दार उघडे ठेवले याचा अर्थ संमती दिली. परंतु अनवधान आणि संमती या दोन भिन्न गोष्टी आहेत. धर्मशाळेचे दार पांथस्थासाठी मुद्दाम उघडे असते; शेजाऱ्याचे दार कडी लावावयाची राहिली म्हणून उघडे असते. वायफायमध्येही हाच भेद आहे. मुंबई सेंट्रल स्थानकावर जानेवारी २०१६ मध्ये प्रवाशांसाठी विनामूल्य वायफाय सुरू झाले. ते जनतेसाठीच होते. केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मान्य केलेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेनुसार एखादा किराणा दुकानदारदेखील परवाना शुल्क न भरता सार्वजनिक वायफाय केंद्र चालवू शकतो. अशा ठिकाणी नियम पाळून वायफाय वापरण्यात काहीच गैर नाही. ‘उघडे आहे काय?’ यापेक्षा ‘कोणासाठी उघडे आहे?’ हा प्रश्न विचारावयास मुलांना शिकविले पाहिजे.

३. कायद्याचा विचार

या विषयात आपल्या देशात मुख्यतः माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० लागू होतो. त्याच्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या अथवा ताबेदाराच्या परवानगीवाचून संगणक, संगणक प्रणाली किंवा संगणकांचे जाळे यांत प्रवेश करणारी व्यक्ती नुकसानभरपाईस पात्र ठरते. जाळ्याच्या व्याख्येत बिनतारी जोडणीचाही अंतर्भाव आहे. हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले असेल, तर कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे, की कायद्याची कसोटी परवानगी ही आहे. पासवर्ड होता की नव्हता, ही नव्हे. मोबाईल चुकून एखाद्या जाळ्यास जोडला जाणे आणि जाणूनबुजून दररोज ते वापरणे यांत हेतूचा फरक आहे, व शिक्षेचा प्रश्न हेतूवरच येऊन ठेपतो.

४. उघड्या दाराचे परिणाम

ज्याचे वायफाय उघडे आहे त्याचेही काही कर्तव्य आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांकडे आलेल्या ई-मेलचा माग काढता तपास नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घराच्या इंटरनेट जोडणीपर्यंत पोहोचला. त्या घरचे वायफाय परक्यांनी वापरले होते. तेथील रहिवाशाचा कटाशी संबंध नसल्याचे पुढे स्पष्ट झाले. परंतु तोपर्यंत त्यांना चौकशीला तोंड द्यावे लागले. त्याच वर्षी ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरमधील एका कंपनीच्या जोडणीचा असाच दुरुपयोग झाला. त्यानंतर २००९ साली दूरसंचार विभागाने वायफाय जोडण्या सुरक्षित करण्याविषयी इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या.

यावरून ध्यानात येईल, की जोडणीवरून होणाऱ्या प्रत्येक कृतीचा माग प्रथम मालकाच्या दारी जातो. वापरणाराही निर्धोक नसतो. अनोळखी जाळे फसवणुकीसाठीच कोणी उघडे ठेवले असणे अशक्य नाही. अशा जाळ्यावर बँकेचे व्यवहार कदापि करू नयेत.

५. गरजू विद्यार्थ्याचे काय?

आता सर्वांत नाजूक प्रश्न. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा ज्यांच्या घरी इंटरनेट नव्हते अशा मुलांचा अभ्यास खुंटला, हे आपण अनुभवले आहे. अशा मुलाने अभ्यासासाठी शेजाऱ्याचे वायफाय गुपचूप वापरले, तर त्यास चोर म्हणून वर्गापुढे उभे करणे हा अन्याय होईल. त्याचबरोबर ‘गरज आहे ना, मग चालेल’ असे सांगणे ही त्याच्या चारित्र्याची हानी होय. मार्ग एकच : विचारणे. ‘काका, गृहपाठापुरते तुमचे वायफाय वापरू का?’ एवढे एक वाक्य मुलास लाजेतून व अपराधातून एकाच वेळी मुक्त करते. बहुतेक शेजारी नाही म्हणणार नाहीत. एखाद्याने नकार दिल्यास तोही त्याचा अधिकार होय. मग मुलाची सोय शाळेत सुटीनंतर अर्धा तास करून देणे, ही जबाबदारी आपली आहे.

६. पाठाची रूपरेषा (इयत्ता सातवी, एक तासिका)

प्रस्तावना : विहीर, आंबा, उघडे दार यांविषयी तीन-चार प्रश्न विचारावेत.

हेतुकथन : न दिसणाऱ्या वस्तूवरही मालकी असते, हे आज आपण पाहू.

विषयविवेचन : दिवा व विहीर हे दोन्ही दृष्टान्त फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून लागू कोणता पडतो ते मुलांकडूनच काढून घ्यावे. नंतर कायद्याचा आशय सोप्या शब्दांत सांगावा; मुलांस भीती घालू नये.

संकलन : फलकलेखन — ‘उघडे म्हणजे आपले नव्हे. आधी विचारा, मग वापरा.’

उपयोजन : परवानगी मागणारी मुलगी व शेजारी यांचा संवाद दोन मुलांकडून वदवून घ्यावा.

गृहपाठ : आपल्या घरी वायफाय असल्यास त्यास पासवर्ड आहे किंवा नाही, हे वडीलधाऱ्यांना विचारून यावे. पासवर्ड कोणता, हे मात्र वर्गात कोणीही सांगू नये.

७. शाळेची जोडणी

शेवटी, उपदेश करणाऱ्याचे घर आधी नीट असावे. ज्या शाळांत इंटरनेट जोडणी आहे तेथील मुख्याध्यापकांनी राउटरचा मूळ पासवर्ड बदलून नवा, लांब व सहज न ओळखता येणारा पासवर्ड घालावा. तो भिंतीवर अगर फळ्यावर लिहून ठेवू नये आणि शिक्षकांची बदली झाली म्हणजे पुन्हा बदलावा. मुलांचा वापर शिक्षकाच्या नजरेखाली व्हावा. हा पाठ घेतल्यावर मुलांनी विचारलेले प्रश्न टिपून ठेवावेत व केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत मांडावेत. त्या प्रश्नांतूनच या विषयाचा पुढील पाठ तयार होईल.