देवाला उशीर होतो तेव्हा

चि. बाळा,


तुझं पत्र मिळालं. इतकी वर्षं मूल मागतेस, उपवास धरतेस आणि देव ऐकतो की नाही तेच कळत नाही, असं लिहिलंस. मंडळीतल्या कोणीतरी ‘तुझा विश्वास कमी पडतो’ असं सुनावलं, तेही वाचलं. आधी त्याबद्दल सांगते. ते बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. ज्या घरात पाळणा हलला त्या घरात विश्वास जास्त, असं शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही.

हन्नाची गोष्ट तुला शब्बाथशाळेपासून पाठ आहे. आपण सगळे तिचा शेवट सांगतो, की शमुवेल जन्मला. तू मात्र शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय काढ आणि मधला भाग सावकाश वाच. दरवर्षी शिलोला जायची वेळ आली की सवत पनिन्ना तिला टोचून बोलायची. नवरा एलकाना जीव लावणारा, पण मी असताना तुला मुलाचं एवढं दुःख कशाला, यापलीकडे त्याची समजूत जात नव्हती. मंदिरात ती मनातल्या मनात प्रार्थना करत होती, नुसते ओठ हलत होते. तर एली याजकाला वाटलं, बाई दारू पिऊन आली आहे! देवाच्या दारी बसलेल्या माणसालाही तिचं दुःख ओळखता आलं नाही. तिने त्याला शांतपणे खरं काय ते सांगितलं. मग त्याने आशीर्वाद दिला, पण तिने काय मागितलंय हे त्याने विचारलंही नाही.

आणि पुढे काय होतं बघ. हन्ना उठली, जेवली आणि त्यानंतर तिचा चेहरा उतरलेला राहिला नाही. मूल तर अजून कुठेच नव्हतं. पनिन्ना घरी होतीच, परतीची वाटही तीच होती. बदल एवढाच झाला होता, की काही हातचं राखून न ठेवता तिने सगळं देवापुढे ओतलं होतं. आता ते ओझं ती एकटी वाहत नव्हती. बाळा, भरवसा म्हणतात तो हाच. मागणं आणि मिळणं यांच्या मधल्या काळात तो माणसाला जेवायला बसवतो.

म्हणून देवाशी गोड बोलायचा अट्टहास करू नकोस. राग असेल तर राग सांग. शब्द सुचत नसतील तेव्हा 88वं स्तोत्र वाच. ते तक्रारीने भरलेलं आहे आणि अंधारातच संपतं, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. तुझ्या रडण्यालाही देवाजवळ जागा आहे.

वाट पाहताना एका गोष्टीला मात्र जप. अब्राहाम हारानातून निघाला तेव्हा 75 वर्षांचा होता. इसहाक झाला तेव्हा 100 वर्षांचा. मधल्या काळात साराचा धीर सुटला, मुलासाठी तिने आपली दासी हागार हिला पुढे केलं, आणि त्या घाईची किंमत त्या बिचाऱ्या दासीने आणि इश्माएलाने रानात भोगली. तुझ्याकडेही हमखास गुण येईल म्हणून पैसे मागणारे येतील. त्यांच्या नादी लागू नकोस. डॉक्टरांकडे मात्र जरूर जा, आणि दोघांनीही तपासून घ्या. दोष नेहमी बाईवर ढकलायची आपल्याकडची खोड तुमच्या घरात नको. औषध घेतलं म्हणून विश्वास उणा होत नाही. थकलात तर उपचार थांबवायलाही हरकत नाही, आणि एखादं अनाथ लेकरू घरी आणावंसं वाटलं तर त्यालाही देवाचं उत्तर म्हणायला कचरू नका.

तुला मूल होईलच, असं वचन मी देणार नाही. ते माझ्या हातात नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली; काटा निघाला नाही, सोसायला पुरेल एवढी कृपा मिळाली. गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलं, तोही टळला नाही. तेव्हा ‘नाही’ ऐकावं लागलं म्हणजे आपण नावडते झालो, असं समजू नये.

आणि हातातलं काम सोडू नकोस. केडगावच्या पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 साली गेली. त्या दुःखातही बाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. छापलेला संपूर्ण ग्रंथ लोकांच्या हाती आला तो त्यांच्यामागे. ज्याचं फळ आपल्याला दिसेलच असं नाही, ते कामही देवावर सोपवून करता येतं. तुझ्या वर्गातली मुलं रोज तुझी वाट बघतात. त्यांच्यात मन घाल.

रोज थोडंच माग, पण खरं माग. बोलवेनासं झालं तर मला फोन कर. त्या दिवशी तुझ्या वाटची प्रार्थना मी करीन. देवाने तुला विसरलेलं नाही, हे मी मनापासून मानते. तुला मानणं जड जाईल त्या दिवसांत माझ्या विश्वासावर टेक.

जावईबापूंना सलाम.

तुझी,
मावशी